गाठ कॅन्सरची नाही, पण शिरेत शिरली आहे: मग ऑपरेशन कशासाठी आणि कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्या ४६ वर्षांच्या ताईंना उजव्या कुशीत जडपणा वाटत होता, म्हणून सोनोग्राफी झाली. उजव्या किडनीत ९ सेंटिमीटरची गाठ निघाली. सिटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘अँजिओमायोलायपोमा’ हे नाव आलं आणि त्याखाली लिहिलं होतं की गाठीचा भाग रीनल व्हेनमधून, म्हणजे किडनीच्या शिरेतून, इन्फिरिअर व्हीनाकॅव्हा या हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत सुमारे ३ सेंटिमीटर वर गेला आहे. एक डॉक्टर म्हणाले, ‘कॅन्सर नाही, घाबरू नका.’ दुसरे म्हणाले, ‘मोठं ऑपरेशन आहे, लांबवू नका, किडनी काढावी लागेल.’ आता यातलं खरं कोणाचं धरायचं? आणि गोळ्यांनी, किंवा मांडीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करून भागणार नाही का?

खरं दोघांचंही आहे. पहिले डॉक्टर गाठीच्या जातीबद्दल बोलले, दुसरे तिच्या जागेबद्दल. ‘साधी गाठ’, ‘बिनाईन’ हा शिक्का पेशींच्या स्वभावावर मारलेला असतो. त्या पेशी फुप्फुसात किंवा हाडात जाऊन नवं बिऱ्हाड थाटत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण हीच गाठ वाहत्या रक्तात लोंबत असेल, तर जात साधी आहे म्हणून तिचा तुकडा पडायचा थांबत नाही. ताईंना भीती कॅन्सरची नाही, रक्तासोबत जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकणाऱ्या बोळ्याची आहे. मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

नावापासून सुरुवात करू. अँजिओ म्हणजे रक्तवाहिन्या, मायो म्हणजे स्नायू, लायपो म्हणजे चरबी. गाठीत हे तिन्ही असतात, कोणाच्या गाठीत एक जास्त तर कोणाच्या दुसरं. यातल्या रक्तवाहिन्या मात्र नीट घडलेल्या नसतात. भिंत जाड दिसते, पण तिच्यात ताण सोसणारा लवचीक थर नसतो, म्हणून जागोजागी फुगे येतात. मोठ्या अँजिओमायोलायपोमाची खरी ख्याती आहे ती अचानक फुटून किडनीभोवती रक्तस्राव होण्याची. या प्रकाराला वुंडरलिश सिंड्रोम म्हणतात. ४ सेंटिमीटरच्या वर गाठ गेली की लक्ष द्यायचं, हा संकेत १९८६ पासून चालत आलाय. आता आम्ही नुसत्या आकारावर जात नाही. आतला फुगा ५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, बाई गरोदर आहे किंवा राहणार आहे का, हेही बघतो. ताईंची गाठ ९ सेंटिमीटरची आहे, म्हणजे शिरेतला भाग नसता तरी तिच्याबद्दल काहीतरी निर्णय घ्यावाच लागला असता.

शिरेत का शिरते? बहुतेक अशा गाठी किडनीच्या मध्यभागी, जिथे रक्तवाहिन्या आत येतात त्या खोबणीजवळ वाढलेल्या असतात. तिथे शिरांच्या भिंती पातळ असतात आणि गाठीला वाढायला सगळ्यात सोपी वाट आत, पोकळीकडेच मिळते. एकदा पोकळीत डोकं घातलं की रक्ताचा प्रवाहच तिला पुढे ओढत नेतो, आणि प्रवाहाची दिशा हृदयाकडे. उजवीकडे हे जास्त दिसतं, कारण उजव्या किडनीची शीर जेमतेम २ ते ४ सेंटिमीटर लांब असते. डावीची ६ ते १० सेंटिमीटर असते, तिला महाधमनी ओलांडून यावं लागतं. उजवीकडे गाठीने जरा मान पुढे काढली की ती थेट व्हीनाकॅव्हात. व्हीनाकॅव्हा म्हणजे पाय, ओटीपोट, किडन्या आणि यकृत या सगळ्यांचं रक्त हृदयात नेणारी शरीरातली सर्वांत रुंद शीर.

हा प्रकार दुर्मीळ आहे. व्हीनाकॅव्हात गेलेला अँजिओमायोलायपोमा सोनोग्राफीवर दाखवणारं वर्णन १९८२ मध्ये छापून आलं. त्यानंतर जगभरातून जे आलं ते बहुतेक एकेका रुग्णाचं, फार तर चार-दोन रुग्णांचं. त्यामुळे ‘इतक्या हजार रुग्णांत असं आढळलं’ असा आधार या विषयात कोणाकडेच नाही. आम्ही सर्जन हे ऑपरेशन शिकलो ते किडनीच्या कॅन्सरवरून, कारण तोही असाच शिरेत शिरतो आणि त्याचा अनुभव भरपूर आहे. तंत्र उसनं आहे. मात्र ते जसंच्या तसं वापरायचं नसतं. कुठे बदलायचं ते पुढे सांगतो.

आता निदान. ९ सेंटिमीटरची गाठ शिरेत शिरलेली दिसली की कोणत्याही युरॉलॉजिस्टच्या मनात पहिलं नाव कॅन्सरचंच येतं, आणि यायलाच हवं. अँजिओमायोलायपोमा ओळखायचा तो चरबीवरून. सिटी स्कॅनवर प्रत्येक ऊतीच्या घनतेला एक आकडा असतो: पाणी शून्य, स्नायू ४०-५० च्या आसपास, आणि चरबी शून्याच्या खाली. गाठीच्या आत उणे १० पेक्षा खालचे आकडे पातळ कापांवर स्पष्ट मिळाले तर अँजिओमायोलायपोमाची शक्यता खूपच वाढते. पण मी रेडिओलॉजिस्टला नेहमी एक जादा काम सांगतो: हाच आकडा शिरेतल्या भागाचाही काढा. किडनीतल्या गाठीत चरबी आणि शिरेतल्या शेपटीतही चरबी असेल, तर चित्र जुळलं. गाठीत चरबी आहे आणि शेपटीत अजिबात नाही, तर थांबून विचार करायचा. ती शेपटी नुसती गोठलेल्या रक्ताची असू शकते, गाठीतल्या स्नायूंच्या भागाची असू शकते, किंवा क्वचित आपलं निदानच चुकलेलं असू शकतं. किडनीचा कॅन्सरही कधीकधी आसपासची चरबी पोटात घेऊन वाढतो. किडनीच्या मागच्या जागेत वाढणारा लायपोसार्कोमा हाही चरबीचाच ट्यूमर, आणि तो अजिबात साधा नसतो. म्हणून रिपोर्टातलं नाव वाचून मी समाधान मानत नाही, स्कॅनच्या फिल्म स्वतः बघतो.

एमआरआय करून घ्यावा असं माझं मत आहे. शेपटीचं टोक नेमकं कुठवर आहे, ती शिरेच्या भिंतीला चिकटली आहे की रक्तात मोकळी तरंगते आहे, आणि तिच्या खाली साधं रक्त गोठून बसलं आहे का, हे एमआरआयवर चांगलं कळतं. गाठीचा भाग तपासणीचं कॉन्ट्रास्ट औषध शिरेतून दिल्यावर उजळतो, गोठलेलं रक्त उजळत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

‘सुई घालून तुकडा का काढत नाही?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो. चरबी स्पष्ट दिसत असेल तर त्याची गरज नसते. आणि फुग्यांनी भरलेल्या, शिरेत पाय पसरलेल्या गाठीत सुई घालायला कोणी उत्सुक नसतं. चरबी दिसत नसेल, शंका खरी असेल, तर गोष्ट वेगळी.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर मी अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. अँजिओमायोलायपोमाची एक पोटजात आहे, तिला एपिथेलिऑइड म्हणतात. तिच्यात चरबी कमी असते, पेशी मोठ्या आणि बेढब असतात, आणि ती कधीकधी खरोखर कॅन्सरसारखी वागते, दूर पसरतेसुद्धा. शिरेत शिरलेल्या गाठीत ही पोटजात नाही ना, हे शेवटी काढलेल्या गाठीच्या तपासणीतूनच पक्कं होतं. चरबीने भरलेल्या नेहमीच्या जातीत मात्र शिरेत जाणं म्हणजे कॅन्सर होणं नव्हे. आसपासच्या लसिकाग्रंथीत याच ऊती सापडल्या तरी त्यालाही आपण कॅन्सरचं पसरणं मानत नाही. तिथे गाठीचं स्वतंत्र बीज होतं असं समजतात. हे वाक्य लक्षात असू द्या, कारण पॅथॉलॉजी रिपोर्टात ‘लिम्फ नोड’ हा शब्द वाचून हातपाय गाळलेले नातेवाईक मी पाहिले आहेत.

अजून एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच बघायची असते. साधारण दर पाच अँजिओमायोलायपोमांपैकी एक ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचा भाग असतो. ९ किंवा १६ नंबरच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला बिघाड. अशा लोकांना गाठी कमी वयात, दोन्ही किडन्यांत आणि अनेक येतात. म्हणून डॉक्टरांनी ताईंच्या गालांवरचे बारीक लालसर पुरळ, अंगावरचे फिकट डाग, नखांजवळचे मांसल कोंब तपासले, लहानपणी फिट यायच्या का विचारलं, तर ‘किडनीचा डॉक्टर त्वचा कशाला बघतो’ असं वाटू देऊ नका. बाईमाणसात छातीचा सिटी स्कॅनही करतात, कारण याच्या जोडीने फुप्फुसात बारीक पोकळ्या होणारा लॅम नावाचा आजार असू शकतो. ताईंना एकच गाठ आहे आणि दुसरी किडनी स्वच्छ आहे, तेव्हा शक्यता कमी. पण हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण किडनी काढायची की वाचवायची हा निर्णय त्यावर फिरतो. दुसऱ्या किडनीतही पुढे गाठी येणार असतील, तर पहिली किडनी सहजासहजी टाकून देता येत नाही.

आता तुमच्या पर्यायांकडे येतो.

गोळ्या आहेत. एव्हरोलिमस नावाचं औषध ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या गाठींवर खरंच चालतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४२ टक्के रुग्णांमध्ये गाठींचं एकूण आकारमान निम्म्याहून कमी झालं, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत एकाचंही झालं नाही. पण ही परिणामकारकता त्या जनुकीय आजारातली. गाठ आक्रसते, नाहीशी होत नाही, आणि औषध थांबवलं की बहुधा पुन्हा वाढते. शिवाय तोंडात फोड येणं, कोलेस्टेरॉल वाढणं, जंतुसंसर्ग हे त्रास असतात, आणि जखम भरायला वेळ लागतो म्हणून ऑपरेशनच्या आधी ते बंद ठेवावं लागतं. दोन्ही किडन्यांत गाठी असलेल्या रुग्णाला मी आधी हे औषध देऊन शेपटी मागे सरते का बघेन. एकाच किडनीत गाठ असलेल्या, बाकी तब्येत चांगली असलेल्या बाईला शिरेत बोळा ठेवून महिनोन्महिने गोळ्या देण्यात मला शहाणपण दिसत नाही.

मांडीतून नळी घालून रक्तपुरवठा बंद करणं, म्हणजे एम्बोलायझेशन, हे फुटलेल्या गाठीत जीव वाचवतं. त्याबद्दल दुमत नाही. पण त्याने किडनीतला भाग आक्रसला तरी व्हीनाकॅव्हातली शेपटी तिथेच राहते. उलट ती मरगळून ठिसूळ झाली तर तुकडा सुटायची भीती, असा विचार करणारे सर्जन आहेत आणि मी त्यांच्यातला आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धमनी बंद करून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. धमनीपर्यंत सुरुवातीला पोचता येणार नाही अशी गाठ असेल तर त्याचा उपयोग होतो. सरसकट केलं तर रुग्णाला एक दिवस ताप, उलट्या आणि कळा यांचा, आणि फायदा थोडा.

रक्त पातळ करायच्या औषधांनी शेपटी विरघळत नाही. ती रक्ताची गुठळी नसून गाठच आहे. तिच्याखाली खरंच रक्त गोठलेलं असेल तर ती औषधं द्यावी लागतात, पण फुग्यांनी भरलेल्या गाठीत रक्तस्राव वाढायचा धोका पत्करून. आणि व्हीनाकॅव्हात गुठळ्या अडवणारी जाळी बसवण्याबद्दल कोणी सुचवलं तर ऑपरेट करणाऱ्या सर्जनला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. गाठ वाढून जाळीत अडकली, की जिथे आम्हाला शीर उघडायची आणि चिमटा लावायचा असतो तिथेच धातू येऊन बसतो.

तर ऑपरेशन. शेपटी कुठवर गेली यावरून आम्ही पायऱ्या ठरवतो. फक्त किडनीच्या शिरेत असेल तर शून्य. व्हीनाकॅव्हात शिरून २ सेंटिमीटरपर्यंत असेल तर पहिली. त्याच्या वर पण यकृताच्या शिरांच्या खाली असेल तर दुसरी. यकृताच्या शिरांपर्यंत किंवा त्यांच्या वर, पण छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या खाली, ती तिसरी. पडदा ओलांडून हृदयाच्या कप्प्याकडे गेली की चौथी. ताईंची दुसरी पायरी झाली. पोटातूनच होणारं काम आहे. छाती उघडावी लागणार नाही, हार्ट-लंग मशीनही लागणार नाही. तिसऱ्या पायरीला यकृत उचलून बाजूला घ्यावं लागतं, म्हणून यकृताच्या सर्जनची साथ हवी. चौथ्या पायरीला हृदयाच्या सर्जनची. पण दुसऱ्या पायरीलाही मी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला त्या दिवशी जवळपास राहायला सांगतो. आधी सांगून ठेवलेला माणूस पाच मिनिटांत येतो, धावपळीत शोधलेला येत नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक अनुभव सांगतो, कारण त्यातून या ऑपरेशनचा पहिला नियम कळेल. तिसऱ्या पायरीची केस होती, अशीच चरबीची गाठ. भूलतज्ज्ञांनी अन्ननलिकेतून इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, नळी घातली होती आणि यकृतामागे शेपटीचं टोक मॉनिटरवर दिसत होतं, श्वासागणिक हलणारं, गुळगुळीत. गाठ मोठी होती, मागे धमनीपर्यंत बोट पोचत नव्हतं. म्हणून मी किडनी दोन्ही हातांनी जराशी उचलली. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, ‘सर, हात थांबवा. कार्बन डायऑक्साइड ३४ वरून २१ वर आलाय.’ मी मॉनिटरकडे बघितलं. टोक आखूड झालं होतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड असा झपकन पडणं म्हणजे फुप्फुसाच्या धमनीत काहीतरी जाऊन बसलं. रक्तदाब कोसळला, औषधांवर सावरला, आम्ही उरलेलं ऑपरेशन पार पाडलं. नंतरच्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या धमनीच्या फांदीत चरबीच्या घनतेचा तुकडा दिसला. दोन दिवस व्हेंटिलेटर, मग हळूहळू सुधारणा, आणि बाई स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. माझी चूक एवढीच होती की मी घाई केली.

तेव्हापासून धमनी आधी, किडनीला हात नंतर. उजव्या बाजूला मोठं आतडं आणि जठरानंतर येणारा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अलगद सोडवून डावीकडे वळवला की व्हीनाकॅव्हा आणि महाधमनी समोर येतात. उजव्या किडनीची धमनी व्हीनाकॅव्हाच्या मागून जाते. तिला किडनीजवळ गाठण्यासाठी धडपडायचं नाही, दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधल्या फटीत ती जिथे महाधमनीतून निघते तिथेच बांधायची. धमनी बांधली की गाठ मऊ पडते, फुगलेल्या आडव्यातिडव्या शिरा ओसरतात, आणि काही वेळा शेपटीही थोडी आक्रसून मागे येते. पुढचं सगळं काम त्यामुळे कमी रक्तात होतं.

मग व्हीनाकॅव्हा मोकळी करायची. तिच्या मागून कंबरेच्या शिरा येऊन मिळतात. दिसत नाहीत, पण एक जरी बांधायची राहिली तरी शीर उघडल्यावर रक्त भरत राहतं आणि आपण पुढून चिमटे लावून बसलेले असतो. शेपटीचं टोक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शिरेवरच सोनोग्राफीचा छोटा प्रोब ठेवून ते कुठे आहे ते बघायचं. त्याच्या वर, त्याच्या खाली आणि डाव्या किडनीच्या शिरेभोवती फिती घालून घ्यायच्या. वरचा चिमटा एकदा मिनिटभर लावून बघायचा. हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा या एका शिरेतून जातो. रक्तदाब टिकतो की नाही हे आधीच कळलेलं बरं. यकृताच्या शिरांच्या खाली चिमटा लावला तर बहुतेकांना तो सोसतो. डावी किडनीही तेवढा वेळ काढते, कारण तिच्या शिरेला अंडाशयाकडून, अॅड्रेनल ग्रंथीकडून आणि कंबरेकडून येणाऱ्या आडवाटा असतात. उजव्या किडनीला अशा आडवाटा नसतात. म्हणून गाठ डावीकडे असेल तेव्हा उजव्या किडनीची धमनीही तेवढ्यापुरती बंद करावी लागते. हा फरक विसरला तर उरलेल्या एकुलत्या किडनीत रक्त तुंबतं.

खालचा चिमटा, मग डाव्या शिरेचा, मग वरचा. किडनीची शीर जिथे व्हीनाकॅव्हाला मिळते त्या तोंडाभोवती काप घेऊन शीर उघडायची. कॅन्सरच्या शेपटीशी बरेचदा झटापट करावी लागते. ती भिंतीत रुजलेली असते, तुटते, कधी भिंतीचा तुकडा कापून कृत्रिम ठिगळ लावावं लागतं. अँजिओमायोलायपोमाची शेपटी बहुधा वेगळी असते. मेणासारखी पिवळट, ओली, गुळगुळीत, वर पातळ आवरण. बोटाच्या टोकाने हलकं ढकललं की बाहेर घसरून येते, आणि मागे शिरेचं अस्तर तसंच चकचकीत. उसनं तंत्र बदलायचं ते इथे. कॅन्सरमध्ये संशयित भिंत मोकळेपणाने कापून टाकायची असते. इथे ती जपायची असते, गरजेपेक्षा एक मिलिमीटरही जास्त घ्यायची नाही. मात्र शेपटी मऊ असल्यामुळे चिमट्याने धरून ओढायची नाही, तुटते. मी ती शिरेतून काढून किडनीच्या बाजूला ओल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवतो, आणि टोक अखंड, गोल आहे का ते दिवा जवळ घेऊन बघतो. टोक तुटल्यासारखं दिसलं तर भूलतज्ज्ञांना लगेच सांगायचं.

आतली पोकळी हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, सलाईनने धुऊन ५-० च्या प्रोलीनच्या बारीक धाग्याने शीर शिवायची. धाग्याची शेवटची गाठ मारण्याआधी खालचा चिमटा क्षणभर सोडून थोडं रक्त बाहेर येऊ द्यायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे आणि राहिलेले कण हृदयाकडे न जाता पोटात पडतात आणि टिपून घेता येतात. शिवलेली शीर निम्म्यापर्यंत अरुंद झाली तरी चालते, त्याहून जास्त झाली तर ठिगळ. अडचण आली नाही तर चिमटे लागलेले असतात ते जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. बाकीचे तास त्या दहा मिनिटांच्या तयारीचे.

किडनी वाचेल का? गाठ किडनीच्या एका टोकाला असेल आणि शेपटी एकाच फांदीतून आली असेल, तर गाठ आणि शेपटी काढून उरलेली किडनी ठेवता येते. अशी ऑपरेशन झालेली आहेत आणि ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये त्यासाठी जिवाचा आटापिटा करणं योग्यच आहे. ताईंची गाठ ९ सेंटिमीटरची आहे, आणि तिने मुख्य शीर व्यापली आहे. दुसरी किडनी चांगली असताना मी संपूर्ण किडनी काढण्याकडेच झुकेन. पण फिल्म न बघता हे ठामपणे सांगता येणार नाही, म्हणून सर्जनना थेट विचारा: ‘किडनी ठेवायचा विचार केला होता का, आणि का सोडून दिला?’ ज्यांनी विचार केलेला असतो ते दोन मिनिटांत फिल्मवर बोट ठेवून दाखवतात. दुर्बिणीने किंवा रोबोटने पहिल्या-दुसऱ्या पायरीची ऑपरेशन करणारे निष्णात लोक आहेत. त्यांचा अनुभव असेल तर हरकत नाही, नसेल तर लहान जखमेचा हट्ट धरू नका.

नंतरचं थोडक्यात. एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात, आठवड्याभरात घरी, दीड-दोन महिने जड उचलायचं नाही. पायात गुठळी होऊ नये म्हणून लवकर चालायला लावतात आणि पोटात इंजेक्शनं देतात. पॅथॉलॉजीत गाठीवर एचएमबी-४५ आणि मेलन-ए या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या की अँजिओमायोलायपोमा पक्का. एपिथेलिऑइड भाग आहे का आणि किती, हे रिपोर्टात लिहिलेलं हवं. नसेल तर केमोथेरपी, रेडिएशन यांपैकी काहीही नको. स्कॅन काही काळ ठरावीक अंतराने होतील. एक किडनी राहिली तर क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब वर्षाला तपासायचा, आणि अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घ्यायच्या नाहीत. एका चांगल्या किडनीवर माणसं पूर्ण आयुष्य जगतात. किडनी दान करणारे जगतातच की.

आता ऑपरेशनपर्यंतच्या दिवसांबद्दल, कारण तुम्ही हे विचारलं नाहीत पण घरी सगळ्यात जास्त उपयोगी तेच. उजव्या कुशीला कोणी मालिश करू नये, शेकू नये, दाबून बघू नये. जड उचलणं, कुंथणं टाळावं, बद्धकोष्ठ असेल तर औषध घ्यावं. ताई पाळीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना सांगून थांबवाव्यात, कारण या गाठींना ते संप्रेरक मानवतं. कुशीत अचानक तीव्र कळ आणि सोबत घेरी, घाम आला तर गाठ फुटल्याची शंका. अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा पाय सुजले तर शेपटीची. दोन्ही वेळी वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जायचं, आणि दारातच स्कॅनचा रिपोर्ट हातात द्यायचा, नुसतं ‘किडनीत साधी गाठ आहे’ असं सांगायचं नाही. तारीख लांबली आणि शेवटचा स्कॅन दोन आठवड्यांपेक्षा जुना झाला, तर शेपटीचं टोक कुठे आहे हे पुन्हा बघून घ्यायला सांगा. दुसऱ्या पायरीची तयारी करून आत गेल्यावर ती तिसरी निघावी, ही वेळ कोणावर येऊ नये.